खाते नंबर बदलल्याचा मेल आलाय? आधी फोन लावा

बेळगावच्या उद्यमबागेत एक फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना आहे. तिथल्या कॉम्प्युटरची देखभाल मी बरीच वर्षं करतो. तीन वर्षांपूर्वी तिथल्या हिशेबनीस काकांना पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या पुरवठादाराचा मेल आला. आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, तेव्हा या बिलाचे पैसे सोबत दिलेल्या नव्या खात्यावर सोडावेत. बिल नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, खाली मागचा सगळा पत्रव्यवहार जोडलेला, शेवटी रोजची सही. काकांनी आरटीजीएस केला. चार लाख बहात्तर हजार रुपये. अकराव्या दिवशी कोल्हापूरहून फोन आला, "काका, पेमेंट कधी सोडताय?"

मी तो मेल उघडला आणि पाठवणाऱ्याचा पत्ता स्क्रीनवर मोठा करून पाहिला. कंपनीच्या नावात जिथे इंग्रजी एम हवा होता, तिथे आर आणि एन ही दोन अक्षरं खेटून बसली होती. लहान टाइपात ती जोडी अगदी एमसारखी दिसते. संध्याकाळी घरी निघायच्या घाईत साठीच्या माणसाला हा फरक दिसेल, असं कुणी म्हणूच नये. मलाही तो मोठा करून पाहिल्यावरच दिसला.

बँकेने सांगितलं, पैसे तुमच्याच माणसाने पाठवलेत. मालकांनी काकांना एका शब्दानेही दुखावलं नाही, पण काका पुढचे कित्येक दिवस डबा तसाच परत नेत होते. चूक काकांची नव्हती, ती आमच्या सगळ्यांच्या रीतीची होती, असं मी तेव्हाही म्हणत होतो. खातं बदललं की फोन करून विचारायचं, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. सायबर सुरक्षेविषयी उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणीतल्या व्यावसायिकांशी बोलताना मी या घटनेपासूनच सुरुवात करतो. सॉफ्टवेअरचा विषय नंतर येतो.

सायबर सुरक्षा म्हणजे नेमकं काय?

कारखान्यात तीन गोष्टी जपायच्या असतात: पैसा, कागद आणि काम चालू राहणं. पूर्वी पैसा तिजोरीत, कागद कपाटात आणि काम यंत्रावर असायचं. आता तिन्ही कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये शिरलंय. त्यांची राखण करणं म्हणजे सायबर सुरक्षा. राखणीला वॉचमन ठेवावा लागतो, कुलूप लागतं, आणि किल्ली कुणाकडे हेही ठरवावं लागतं. इथेही अगदी तेच आहे.

"आमच्यासारख्याकडून कोण काय नेणार?"

हा प्रश्न मला प्रत्येक गाळ्यात ऐकू येतो. विचारणाऱ्याचा समज असा की चोर यादी काढून मोठी घरं निवडतो. इथला चोर तसं करत नाही. त्याने लिहिलेला प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र दारं ढकलत फिरत असतो. जे दार ढिलं, त्यातून तो आत शिरतो. आत फौंड्री आहे की कुंद्याचं दुकान, हे त्याला नंतर कळतं.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा असाच प्रोग्राम सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर त्याने बंद पाडले. त्याने कुणाला निवडलं नव्हतं. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या पसरला, तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याचा फटका आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलपर्यंत पोचला. परदेशातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे मुंबईजवळ कंटेनर अडकले.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. लहान माणूस मोठ्याच्या घरात जायची वाट असतो. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून २०१३ साली सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते त्यांच्या वातानुकूलनाचं काम करणाऱ्या एका लहान कंत्राटदाराच्या पासवर्डने. आपण पुण्याच्या मोठ्या कंपनीला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग पुरवतो, त्यांची ड्रॉइंग आपल्या कॉम्प्युटरवर असतात, त्यांच्या पोर्टलचा पासवर्ड आपल्या वहीत असतो. त्या कंपनीच्या दृष्टीने आपला गाळा म्हणजे त्यांच्याच घराचं मागचं दार झालं.

आणि "लहान" या शब्दाची व्याप्ती आता केवढी मोठी आहे! १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, १०० कोटींपर्यंतचा लघु आणि ५०० कोटींपर्यंतचा मध्यम धरला जातो. गुंतवणुकीच्या मर्यादा वेगळ्या. आपल्याकडचे बहुतेक सगळे कारखाने यात बसतात.

खात्याचा घोटाळा आतून कसा दिसतो

काकांना आलेल्या मेलमध्ये बिल नंबर बरोबर कसा आला? पुढे शोध घेतला तेव्हा कळलं की पुरवठादाराच्या मेलचा पासवर्ड आधीच फुटला होता. चोर कित्येक आठवडे काहीही न करता नुसता वाचत बसला होता. कोण कोणाला माल देतो, पैसे कधी सुटतात, काका मेलमध्ये "नमस्कार" लिहितात की "साहेब" लिहितात, हे सगळं त्याने पाहून ठेवलं. त्या मेलच्या सेटिंगमध्ये एक छोटा नियम लावलेला सापडला: ज्या पत्रात इन्व्हॉइस किंवा पेमेंट हे शब्द असतील, त्याची एक प्रत गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर जावी. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. तुमच्या मेलच्या सेटिंगमध्ये "फॉरवर्डिंग" आणि "फिल्टर" या दोन जागा आजच उघडून बघा. तिथे अनोळखी पत्ता दिसला, तर घरात कुणीतरी आहे असं समजा.

पासवर्ड फुटतो बहुधा फिशिंगने. फिशिंग म्हणजे गळ टाकणं. बँकेच्या, जीएसटीच्या किंवा कुरिअरच्या नावाने एक दुवा येतो, तो दाबला की हुबेहूब तसंच पान उघडतं आणि आपण आपल्याच हाताने पासवर्ड तिथे लिहून देतो. बँकांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं "डॉट बँक डॉट इन" या शेपटावर न्यायला सांगितलं, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. पत्त्याचं शेपूट बघायची सवय लागली की अर्धे गळ तिथेच ओळखू येतात.

दुसरी सोय थेट काकांच्या प्रकरणाला लागू पडणारी आहे. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खाते नंबर आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची व्यवस्था बँकांनी द्यायची आहे. तीन वर्षांपूर्वी ही सोय असती, तर कोल्हापूरच्या कंपनीऐवजी कुण्या भलत्याच माणसाचं नाव काकांना दिसलं असतं. पण नाव दिसलं तरी ते वाचलं पाहिजे. घाईत "ओके" दाबण्याची बोटांना सवय झालेली असते.

म्हणून आमच्या फौंड्रीत आता एकच नियम आहे. खातं बदलल्याचा निरोप मेलवर येवो, व्हॉट्सॲपवर येवो, नाहीतर माणूस स्वतः चिठ्ठी घेऊन येवो, जुन्या वहीतल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, कारण तो नंबरही चोराचाच असतो. हा बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

"माणसं ओळखीची आहेत, त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा?"

आपल्या भागातला व्यापार शब्दावर चालतो. रविवार पेठेत आजही लाखाचा माल एका फोनवर उचलला जातो. त्या विश्वासाला मी कधीही नावं ठेवणार नाही, तो आपल्या बाजारपेठेचा कणा आहे. पण फोन करून विचारणं म्हणजे माणसावर संशय घेणं, ही समजूत सोडावी लागेल. आपण माणसाला तपासत नसतो, त्याच्या नावाने आलेला निरोप तपासत असतो.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका पुरवठादाराचा खरोखरच खातं बदलल्याचा मेल आला. काकांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "हो काका, बदललंय. बरं झालं विचारलंत, बाकी कुणीच विचारलं नाही." काकांनी आधी एक रुपया पाठवला, तो पोचल्याचं विचारून घेतलं आणि मग बाकीची रक्कम सोडली. सगळ्याला पाच मिनिटं लागली.

भाषेचीही एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे दिवसभरात मराठी, कानडी, हिंदी अशा तिन्ही भाषांत फोन येतात. बँकेचा अधिकारी म्हणून बोलणारा माणूस आपल्या मराठीत, आपल्या हेलात बोलला की मन लगेच सैल होतं. आपल्या भाषेत बोलतो म्हणून तो आपला, हे सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या फार आत बसलेलं आहे. मलाही तसंच वाटतं. म्हणूनच ओटीपी मागणारा कितीही गोड मराठी बोलला तरी फोन ठेवायचा, हे मी माझ्या आईला पुन्हा पुन्हा सांगतो.

खंडणीचं कुलूप

आता दुसरं संकट, रॅन्समवेअर. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. चोर तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली नेत नाही, तिथल्या तिथे त्यांची लिपी बदलतो. आपल्याकडे अनेक घरांत आजोबा-पणजोबांचे मोडीतले कागद ट्रंकेत असतात. कागद आपला, जमीन आपली, पण वाचता येत नाही. तसंच हे. फरक इतकाच की मोडी वाचणारा जाणकार शोधला तर सापडतो, या लिपीची किल्ली मात्र एकट्या चोराकडे असते, आणि तो तिचे पैसे मागतो. हल्ली बरेच चोर आधी माहितीची प्रत बाहेर नेतात आणि "पैसे द्या, नाहीतर सगळं जाहीर करू" अशी दुहेरी धमकी देतात.

पैसे देऊन सुटावं का? माझं मत स्पष्ट आहे, देऊ नयेत. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नाही, आणि हा देतो असं कळलं की तोच चोर पुन्हा येतो. त्याआधी "नो मोअर रॅन्सम" हे संकेतस्थळ बघावं. २०१६ साली नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते सुरू केलं. काही जुन्या प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

चोर आत येतो कुठून? मी पाहिलेल्या ठिकाणी बहुतेक वेळा एकच दार उघडं होतं. मालकांना घरून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर बघायचं असतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा दुरून जोडणी करून देतो, पासवर्ड कंपनीचं नाव आणि एक-दोन-तीन ठेवतो आणि जातो. ते दार मग चोवीस तास रस्त्यावर उघडं राहतं. दुरून काम करायची गरज खरी आहे, पण ती जोडणी कुणाला, कोणत्या पासवर्डने आणि किती वेळ, हे मालकांना माहीत हवं. काम संपलं की ती बंद करावी.

बॅकअप असतो, पण तो उघडून बघितलाय का?

"आम्ही रोज बॅकअप घेतो," असं सांगून मला पेन ड्राइव्ह दाखवला जातो. तो त्याच कॉम्प्युटरला लावलेला असतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कुलूप लावणारा प्रोग्राम जोडलेल्या पेन ड्राइव्हलाही सोडत नाही.

साधा हिशेब असा: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक कारखान्याबाहेर. दोन हार्ड डिस्क घ्या. एक आठवडा पहिली, दुसरा आठवडा दुसरी. प्रत घेऊन झाली की डिस्क काढायची, आणि जी वापरात नाही ती मालकांच्या घरी ठेवायची. आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, तरी घरची प्रत वाचते.

आणि तपासणी. हायड्रॉलिकचा भाग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत, रंगवलेलं, वजनात बरोबर. आतला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी मात्र मशीनिंगला किंवा प्रेशर टेस्टला लावल्यावरच दिसतो. आपण टेस्ट न करता माल ग्राहकाकडे पाठवत नाही. बॅकअपही तसाच दाबाखाली बघावा लागतो. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती प्रत उघडायची आणि गेल्या आठवड्याचं एखादं बिल दिसतंय का बघायचं. एका ठिकाणी असं उघडलं तेव्हा लक्षात आलं की आठ महिने रिकाम्याच फोल्डरची प्रत घेतली जात होती. रोज, न चुकता.

"अँटीव्हायरस घातलाय की!"

घातलाय ते चांगलंच आहे. पण अँटीव्हायरस म्हणजे दारावरचा वॉचमन. भिंतीलाच भोक असेल तर तो काय करणार? ती भोकं बुजवण्याचं काम अपडेट करतात. खानापूरकडच्या पावसाची ज्याला कल्पना आहे, तो रोहिणीच्या आधी कौलं शाकारतो. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी कौलं शाकारली ते वाचले.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचं पाठबळ थांबवलं. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर बदलणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. मग निदान त्याचं इंटरनेट काढा. ड्रॉइंग न्यायला एक वेगळा, तपासलेला पेन ड्राइव्ह ठेवा आणि तो दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र कुठल्याच कारणाने नको. कुलूप फोडणाऱ्याकडूनच आपण दार बसवून घेतोय, असं ते आहे.

ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

दुहेरी पडताळणी म्हणजे बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्या. पासवर्ड ही एक, मोबाइलवर येणारा आकडा ही दुसरी. मेलला आणि बँकेला ती लावलीच पाहिजे, तेवढ्याने फुटलेला पासवर्ड बराचसा निरुपयोगी होतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्या करदात्यांना ती सक्तीची झाली आहे.

इथे माझा एक प्रश्न असतो, आणि त्यावर अनेक मालक गप्प होतात. तुमच्या जीएसटीचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? उत्तर बहुधा "टॅक्सवाल्यांच्या ऑफिसातल्या मुलाच्या". तो मुलगा प्रामाणिकच असेल, पण त्याने नोकरी सोडली, त्याचा मोबाइल हरवला, तर तुमच्या नोंदणीची किल्ली कुठे गेली? नंबर मालकांचा हवा. काम करणाऱ्याला पोर्टलवर स्वतंत्र लॉगिन देता येतं, ते द्यावं आणि माणूस बदलला की बंद करावं.

पासवर्डविषयी थोडक्यात: एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. आपल्याला आठवतात, प्रोग्रामला ओळखायला जड जातात. मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरू नका.

दुकानदारांसाठी वेगळे दोन शब्द

खडे बाजार, गणपत गल्लीतल्या दुकानदारांना टॅलीपेक्षा यूपीआयची काळजी जास्त. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. क्यूआर कोडच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, हे सकाळी दुकान उघडताना नखाने चाचपून बघा. पैसे आल्याचं ग्राहकाच्या मोबाइलवर न बघता आपल्या मोबाइलवर बघा किंवा साउंडबॉक्सवर ऐका. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाइल आली, तर ती उघडायची नाही. ते ॲप असतं, आणि आत बसून तुमचे ओटीपी बाहेर पाठवतं.

खर्च किती, आणि बँकच बंद पडली तर?

दोन हार्ड डिस्क, अस्सल सॉफ्टवेअर, बँकेच्या कामाला एक वेगळा साधा लॅपटॉप, ज्यावर दुसरं काहीच उघडायचं नाही. एवढाच खरा खर्च. बाकी सगळं ठरवण्याचं आणि पाळण्याचं काम आहे. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर तपासणीची साधनं फुकट मिळतात.

जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना कॉम्प्युटर यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर हल्ला झाला आणि ३१ जुलैला देशातल्या जवळपास ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबवावे लागले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. आपल्या भागात सगळा व्यवहार एकाच सहकारी बँकेत ठेवणारे खूप आहेत, आणि त्या बँकांनी आपल्याला पडत्या काळात हात दिलाय. ते नातं तोडू नका. पण पगाराच्या आठवड्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या एका बँकेत चालतं खातं असू द्या.

घात झालाच तर

पहिला फोन १९३० वर, ही सायबर फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी हेल्पलाइन. चोरलेला पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून एकातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतो. तक्रार आली की तो जिथे पोचला असेल त्या खात्यात अडवून ठेवता येतो. काका अकरा दिवसांनी जागे झाले, तोवर अडवायला काही उरलं नव्हतं.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याने परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. फसून का होईना, आपण स्वतः पाठवलेले पैसे यात बसत नाहीत.

सीमाभागात पुढचा गोंधळ हद्दीचा. कारखाना शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात, जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. घर आणि बँक बेळगावात, तिथला जीएसटी नंबर २९ चा. तक्रार कुठे द्यायची? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्या का हद्दीत घडलेला असेना. बेळगाव शहरात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणं आहे. हद्दीच्या शंकेत वेळ घालवू नका, जवळ जे ठाणं आहे तिथे जा.

कॉम्प्युटरला कुलूप पडलं असेल तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, पण फॉरमॅट करायची घाई करू नका, पुरावा तिथेच असतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार असे प्रकार सहा तासांत कळवायचे असतात. लहान उद्योगांनाही २५ सप्टेंबर २०२२ पासून ते लागू आहेत.

काकांच्या टेबलावर काचेखाली आता एक पुठ्ठा आहे. वर लाल शाईत १९३०. खाली बँक मॅनेजरचा नंबर, माझा नंबर, आणि बावीस पुरवठादारांचे नंबर, काकांच्याच अक्षरात. सगळ्यात खाली त्यांनी लिहून ठेवलंय: फोन करताना हाताशी ठेवायचं, यूटीआर नंबर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम, ज्या खात्यात गेले तो नंबर.